अकरा महिने फिट नाही, आणि मग चार गोळ्या शिल्लक निघाल्या

निशिगंध

धाकटा भाऊ १९ वर्षांचा आहे. सोळाव्या वर्षी पहिली फिट आली, तपासण्या झाल्या, लेव्हेटिरॅसिटॅम सुरू झालं. सध्या ५०० ची एक सकाळी, एक रात्री. गेले अकरा महिने काही म्हणता काही नव्हतं. घरात तो विषयच निघेनासा झाला होता.

गेल्या शनिवारी पहाटे हॉस्टेलच्या जिन्यात फिट आली. हनुवटीला तीन टाके, जीभ कडेने चावलेली, डावा खांदा अजून दुखतोय. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "गोळी चुकली होती का?" तो म्हणाला नाही. मीही ठासून सांगितलं, नाही हो, अगदी नियमित घेतो.

रविवारी त्याची बॅग आवरत होते. महिन्याच्या साठ गोळ्या पहिल्या तारखेला मीच घेऊन देते, त्यामुळे हिशेब तोंडपाठ असतो. १९ उरायला हव्या होत्या, २३ निघाल्या. परत मोजल्या. २३च. स्ट्रिपच्या त्या चार न फोडलेल्या फुगवट्यांवरून बोट फिरवत मी किती वेळ तिथेच बसले होते कोण जाणे.

विचारल्यावर कबूल केलं. परीक्षा चालू होती, रात्रीच्या गोळीने झापड येते, म्हणून चार रात्री घेतलीच नाही. "सकाळची घेत होतो ना, म्हणजे अर्धा डोस चालूच होता," हे वर. मी त्याला नको नको ते बोलले. आता माझंच मला वाईट वाटतंय.

डॉक्टरांकडे पुढच्या आठवड्यात जायचंय. डोसचं काय ते तेच ठरवतील, इथे प्रिस्क्रिप्शन मागत नाहीये. पण ज्यांच्या घरात या गोळ्या वर्षानुवर्षं चालू आहेत त्यांनी सांगा, तुम्ही हे रोजच्या रोज कसं निभावता? चुकली तर काय करता? आणि दुसरी औषधं, ताप, जागरण हे सगळं कसं सांभाळता?

आडवाटेचा

मला स्वतःला २२ वर्षं फिट आहेत, सध्या कार्बामॅझेपिनवर आहे. आधी एक सांगतो, बोललात ते बोललात, आता माफी मागून मोकळ्या व्हा. ओरडा खाल्लेला पेशंट पुढच्या वेळी गोळ्या चुकवायच्या थांबत नाही, शिल्लक गोळ्या बेसिनमध्ये टाकायला शिकतो. मी टाकल्या आहेत.

फिट पहाटेच का आली तेही बघा. लेव्हेटिरॅसिटॅमचं रक्तातलं प्रमाण मोठ्या माणसात साधारण सहा ते आठ तासांत निम्मं होतं. सकाळी आठला घेतलेली गोळी रात्री आठला तिसऱ्या हिश्श्यावर येते. तेव्हा दुसरी पडली तर पातळी सावरते. नाही पडली तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दहाव्या हिश्श्याच्या आसपास काय ते उरतं. म्हणजे "अर्धा डोस" हा हिशेब कागदावर बरोबर आणि मेंदूपुरता चूक. दिवसा थोडंफार छत्र होतं, पहाटे जवळजवळ काहीच नव्हतं. त्यात जागरण. झोप न होणं हे एकटंच कित्येकांना फिट आणायला पुरतं.

सगळ्या गोळ्या अशा नसतात. फिनोबार्बिटोन अंगात काही दिवस रेंगाळतं, तिथे एक डोस हुकला तर लगेच तळ दिसत नाही. म्हणून "माझ्या काकांची चुकली, त्यांना कुठे काय झालं" असल्या तुलना करू नयेत. औषध कुठलं, त्यावर सगळं आहे.

माझी पद्धत: चौदा खणांचा डबा, आठवड्याच्या सकाळ-रात्रीचा, रविवारी भरायचा. मोबाईलचा गजर मी अर्धवट झोपेत बंद करून टाकतो आणि नंतर गोळी घेतली की नुसता गजर बंद केला हे आठवत नाही. डबा उघडला की कळतं, खण रिकामा आहे की भरलेला. शिवाय दोन दिवसांच्या गोळ्या ऑफिसच्या बॅगेत वेगळ्या. गाडी चुकते, मुक्काम वाढतो, नेमकी तेव्हाच स्ट्रिप संपते.

आणि झापड येते हे डॉक्टरांना सांगा. तो काही गुन्हा नाही. वेळ बदलता येते, काही औषधं दिवसातून एकदाच घ्यायच्या हळू सुटणाऱ्या गोळीत मिळतात, कधी औषधच बदलतात. त्याने उपाय स्वतःच्या मनाने केला एवढंच चुकलं.

काडेपेटी

डब्याला +१. आमच्या आजोबांना दोनदा गोळी घ्यायची सवय होती, एकदा खरी आणि एकदा "घेतली का नाही आठवत नाही" म्हणून. डबा आल्यापासून बंद.

गोळीबार

नावावर जाऊ नका, मेडिकल चालवतो.

डोस चुकला तर: आठवल्याबरोबर घ्या. पण पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर चुकलेला सोडून द्या आणि पुढचा वेळेवर घ्या. दोन्ही एकदम गिळायचे नाहीत. बहुतेक फिटच्या गोळ्यांना हेच लागू पडतं, तरी तुमच्या डॉक्टरांकडून एकदा कागदावर लिहून घ्या, कारण रात्री अकराला आठवतं तेव्हा कोणी फोन उचलत नाही. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली तर काय करायचं तेही त्याच कागदावर.

लॅमोट्रिजिनचं प्रकरण वेगळं. ती सलग पाचेक दिवस सुटली असेल तर थेट जुन्या डोसवर उडी मारायची नसते, बहुतेक वेळा पुन्हा खालून चढावं लागतं. डॉक्टरांना न विचारता सुरू करू नका.

दुकानात रोज दिसणाऱ्या चुका सांगतो. पहिली, नावांची. लॅमोट्रिजिन आणि लॅमिव्ह्युडिन, पैकी दुसरं एचआयव्हीचं औषध. लेव्हेटिरॅसिटॅम आणि लेव्होफ्लॉक्सासिन, हे दुसरं अँटिबायोटिक. डॉक्टरांचं अक्षर आणि घाईतला पोरगा, दोन्ही एकत्र आले की झालंच. पाकीट हातात आलं की कंपनीच्या नावाखाली बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं, ते वाचा. गोळीचा रंग किंवा आकार बदललेला दिसला तर "असेल काहीतरी" म्हणून गिळू नका, परत या आणि विचारा. वैताग वाटत नाही आम्हाला. बरं, वाटला तरी विचारा.

दुसरी, कंपनी बदलणं. तेच औषध, तीच पॉवर, दुसरी कंपनी, एवढ्याने बहुतेकांना फरक पडत नाही. पण फेनिटॉइन, कार्बामॅझेपिनसारख्या औषधांत शक्यतो एकाच कंपनीचं चालू ठेवावं आणि बदललं तर डॉक्टरांच्या कानावर घालावं. साधी गोळी आणि हळू सुटणारी गोळी यांची अदलाबदल मात्र कधीच परस्पर करायची नाही. हळू सुटणारी गोळी कुटायची नाही, चावायची नाही. बारा तासांत सुटायचं औषध तासाभरात सुटतं मग.

तिसरी आणि सगळ्यात वाईट, बाकीची औषधं. कार्बामॅझेपिनवरच्या एका गिऱ्हाइकाला खोकल्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन दिलं. फिटची गोळी चालू आहे हे त्याने सांगितलंच नव्हतं. तीन दिवसांनी दुकानात आला तो काउंटर धरून उभा, म्हणाला एकाचे दोन दिसतात. क्लॅरिथ्रोमायसिन कार्बामॅझेपिनचा निचरा अडवतं, पातळी चढते. उलटही होतं. व्हॅल्प्रोएट या फिटच्याच औषधावरच्या पेशंटला दवाखान्यात मेरोपेनेम या अँटिबायोटिकची इंजेक्शनं लागली तर व्हॅल्प्रोएटची पातळी धाडकन उतरते. ट्रॅमाडॉल ही दुखण्याची गोळी, सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक्स, नैराश्यावरचं किंवा सिगारेट सोडायला देतात ते ब्युप्रोपियॉन, ही फिट यायचा धोका वाढवू शकतात. पित्तावरची पातळ औषधं आणि फेनिटॉइन दोन-तीन तासांच्या अंतराने घ्यावीत.

म्हणून सर्दी असो की दात काढायचा असो, डॉक्टरांपुढे बसल्यावर पहिलं वाक्य "मला फिटच्या गोळ्या चालू आहेत, या या" हेच.

स्पष्टवक्ता

सगळे जण केमिकलची भलामण करताय. आयुष्यभर गोळ्या खाऊन लिव्हरची वाट लागते हे कोणी का बोलत नाही? माझ्या मामाने तीन वर्षांपूर्वी स्वतःहून बंद केल्या. ठणठणीत आहे. एकदाही पडला नाही. एकदा सुरू केल्या की सुटत नाहीत, हा धंदा आहे सगळा.

मधुराई

स्पष्टवक्ता, दुष्परिणाम असतात हे खरंच आहे, आम्ही भोगलेत. पण त्याचा मार्ग "बंद करा" हा नव्हता, म्हणून लिहिते.

मुलगी सात वर्षांची. लेव्हेटिरॅसिटॅमचं सिरप सुरू केलं, फिट थांबल्या, आणि दोन आठवड्यांत आमची गुणी पोर वेगळीच झाली. पेन्सिल टोकदार नाही म्हणून वही फाडली. बहिणीच्या दंडाला चावली. रात्री मला म्हणाली, "आई, मला राग येतो पण तो माझा नाही." हे वाक्य मी जसंच्या तसं डायरीत लिहून ठेवलं होतं. डॉक्टरांना वाचून दाखवलं तेव्हा ते थांबले आणि म्हणाले, या औषधाने काही जणांचा स्वभाव असा होतो, बदलून बघू. हळूहळू एक कमी, दुसरं वाढवत सहा-सात आठवड्यांत पालटलं. पोर परत आली.

मी तोवर शाळा, टीव्ही, सासूबाई, सगळ्यांना दोष देऊन झाला होता. औषधावर संशय शेवटी गेला. निशिगंध, भावाला मूडबद्दल जरूर विचारा. मोठ्यांतही चिडचिड, उदासी होते. फिटच्या कोणत्याही गोळीवर असताना स्वतःला संपवायचे विचार डोकावले तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं, वाट बघायची नाही, आणि गोळीही आपल्या मनाने थांबवायची नाही.

लहान मुलं असणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. सिरप चमच्याने देऊ नका, चमचे सारखे नसतात. खुणा असलेली सिरिंज वापरा आणि बाटली बदलली की एका मिलीत किती मिलिग्रॅम आहे ते परत वाचा. दुसरं म्हणजे मूल वाढतं, वजन वाढतं, डोस तिथेच राहतो. आमची मधली फिट त्यातूनच आली, गोळी एकही चुकली नव्हती.

रात्रपाळी

मेंदूविकार विभागात शिकाऊ डॉक्टर आहे. ड्यूटी संपवून लिहितोय, चुका पोटात घाला.

स्पष्टवक्ता यांचा मुद्दा टाळून चालणार नाही. गोळ्या सुटतच नाहीत, हे खरं नाही. साधारणपणे दोन वर्षं किंवा जास्त काळ एकही फिट नसेल तर बंद करण्याचा विचार करता येतो. तेव्हा फिटचा प्रकार, ईईजी म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, एमआरआय, सुरुवातीला किती फिट येत होत्या, सगळं बघतात. मग काही महिन्यांत पायरीपायरीने उतरवतात. काही प्रकारांत, विशेषतः किशोरवयात सुरू होऊन सकाळी उठल्यावर हातांना झटके येतात त्या प्रकारात, बंद केल्यावर फिट परत यायचं प्रमाण बरंच जास्त, तिथे बहुधा चालूच ठेवतात. लहानपणच्या काही प्रकारांत मुलं मोठी होता होता त्यातून बाहेर पडतात आणि गोळ्या सुटतात.

एकाएकी बंद करण्यात धोका असा की नुसती एक फिट येऊन थांबेल याची खात्री नाही. एकामागून एक येत राहतात, मध्ये शुद्ध येत नाही, पेशंट आयसीयूत जातो. माझ्या रात्रपाळीत असे आलेले बरेच जण "बरं वाटत होतं म्हणून सोडली" या वाक्याने सुरू होतात. बरं वाटत होतं ते गोळीमुळे.

आता दुष्परिणाम. ते लपवण्यासारखं काही नाही, पण सगळ्या गोळ्यांचे एकाच पोत्यात भरू नका. यकृताची काळजी व्हॅल्प्रोएटमध्ये घ्यावी लागते, खास करून लहान मुलांत. सतत उलट्या, पोटात जोरात दुखणं, कावीळ, वाढती सुस्ती ही त्याची धोक्याची चिन्हं. त्याने वजन वाढतं, हात कापतात, केस गळतात. लेव्हेटिरॅसिटॅम मुख्यतः मूत्रपिंडावाटे जातं, त्यामुळे तिथे किडनी बघून डोस ठरतो. फेनिटॉइनने हिरड्या सुजून वाढतात. टोपिरामेटने बोलताना शब्द सापडत नाही, मुतखडा होऊ शकतो. कार्बामॅझेपिनने रक्तातलं सोडियम उतरतं, वयस्कर माणसांत जास्त.

फेनिटॉइनची एक खोड लक्षात ठेवण्यासारखी आहे. शरीराची ते पचवायची ताकद एका मर्यादेनंतर भरते, म्हणून डोस थोडासाच वाढवला तरी रक्तातली पातळी भलतीच चढते. चाल अडखळते, बुबुळं थरथरतात, माणूस प्यायल्यासारखा वाटतो. "एक गोळी जास्त घेतली तर काय बिघडतं" याचं उत्तर फेनिटॉइन फार पटकन देतं.

अंगावर पुरळ. लॅमोट्रिजिन, कार्बामॅझेपिन, फेनिटॉइन सुरू केल्यावर पहिल्या दोनेक महिन्यांत पुरळ आलं, सोबत ताप, तोंडात किंवा डोळ्यांत फोड, कातडी सोलवटणं असं काही असेल तर क्रीम लावत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. हे जिवावर बेतू शकतं. लॅमोट्रिजिन आम्ही अगदी मुंगीच्या पावलांनी वाढवतो ते याचसाठी, आणि सोबत व्हॅल्प्रोएट असेल तर आणखी सावकाश, कारण व्हॅल्प्रोएटमुळे लॅमोट्रिजिनची पातळी जवळपास दुप्पट होते. कार्बामॅझेपिनच्या बाबतीत एचएलए-बी*१५०२ नावाचं जनुक असलेल्यांना हा धोका खूप जास्त असतो. आशियाई वंशाच्या लोकांत ते अधिक सापडतं, म्हणून काही ठिकाणी आधी रक्ततपासणी करतात.

आणि दोन औषधं योग्य डोसमध्ये, नीट घेऊनही फिट थांबत नसतील तर तिसरं-चौथं जोडत वर्षं घालवू नका. मोठ्या केंद्रात पाठवायला सांगा. काहींना शस्त्रक्रियेने फिट थांबतात आणि त्यांच्यापर्यंत हे फार उशिरा पोचतं.

गोळीबार

रात्रपाळी, छान. अवांतर: व्हॅल्प्रोएट १८८२ मध्ये तयार झालं, पण पुढे जवळजवळ ऐंशी वर्षं प्रयोगशाळेत दुसऱ्या गोष्टी विरघळवायचं द्रावक म्हणून वापरत होते. १९६२ मध्ये फ्रान्समध्ये ग्रनोबलला पिएर एमार हे काही वेगळीच संयुगं त्यात विरघळवून तपासत होते. बघतात तर फिटवर सगळीच लागू पडतायत! गुण संयुगांचा नव्हता, द्रावकाचा होता.

सांजवेळ

बायकांचं कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते.

मी नऊ वर्षं व्हॅल्प्रोएटवर होते. लग्नानंतर मूल हवं म्हणून सगळ्या गोळ्या फेकून द्यायच्या बेतात होते, कारण व्हॅल्प्रोएटने बाळाला त्रास होतो एवढंच ऐकलं होतं. ते खोटं नाही. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या आईच्या दर १०० बाळांपैकी सुमारे १० बाळांत जन्मजात व्यंग असतं, एरवी हे प्रमाण २ ते ३ असतं. आणि ३० ते ४० मुलांना वाढीत, बोलण्यात, शिकण्यात अडचणी येतात. पण गरोदरपणात मोठी फिट येणं हेही आईला आणि बाळाला, दोघांना धोक्याचं.

माझ्या डॉक्टरांनी गर्भ राहण्याच्या वर्षभर आधीपासून लॅमोट्रिजिनवर नेलं, फोलिक अ‍ॅसिड सुरू केलं, आणि नवीन गोळीवर फिट येत नाहीत अशी खात्री झाल्यावरच पुढे जा म्हणाले. तो वेळ मिळाला म्हणून जमलं. ज्यांना न ठरवता दिवस गेले असतील त्यांनी गोळी बंद न करता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

कोणी सांगत नाही ते हे की गरोदरपणात शरीर लॅमोट्रिजिन भराभर बाहेर टाकतं. माझा डोस तीनदा वाढवावा लागला. आणि बाळंतपण झाल्या झाल्या तो उतरवावा लागतो, नाही तर तोच डोस जड होतो. मला पाचव्या दिवशी बाळाला घेताना भोवळ आली, मला वाटलं अशक्तपणा. तो डोस होता. उतरवायचं वेळापत्रक फाइलमध्ये लिहिलेलं होतं, पण बाळाच्या धांदलीत फाइल उघडते कोण!

गर्भनिरोधक गोळ्यांचंही दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवा. कार्बामॅझेपिन, फेनिटॉइन, फिनोबार्बिटोनमुळे त्यांचा भरवसा राहत नाही. उलट, इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी लॅमोट्रिजिनची पातळी निम्म्यापर्यंत उतरते आणि फिट येऊ शकते. रात्रीचं दूध पाजणं आमच्याकडे नवऱ्याने अंगावर घेतलं, बाटलीत काढून ठेवायचे. माझी झोप हाही औषधाचाच भाग आहे, हे त्याला पटवायला डॉक्टर लागले.

ओसरी

मी पेशंट नाही, पेशंटचा नवरा. गोळ्या नीट घेऊनही फिट येऊ शकते, तेव्हा शेजारी कोण आणि त्याला काय माहीत, हा प्रश्न उरतोच.

पहिल्या वेळी मी सगळं चुकीचं केलं होतं. दातखीळ बसली म्हणून चमचा घालायला गेलो, तिचा एक दात तुटला आणि माझं बोट. तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही. पाणी नाही, गोळीही नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. डोक्याखाली काहीतरी मऊ, गळ्याजवळचं घट्ट असेल ते सैल, झटके ओसरले की कुशीवर. आणि घड्याळ. घड्याळ फार महत्त्वाचं, कारण त्या वेळी एक मिनिट दहा मिनिटांसारखं वाटतं. पाच मिनिटांच्या वर गेली, किंवा शुद्ध यायच्या आत दुसरी आली, की अँब्युलन्स.

आम्हाला नाकात मारायचा मिडॅझोलमचा फवारा लिहून दिलाय, कधी आणि किती मारायचा ते डॉक्टरांनी करून दाखवलं. तो फ्रिजवर ठेवलेल्या टोपलीत असतो. मागच्या वर्षी सहज हातात घेतला तर मुदत संपून पाच महिने झाले होते. तेव्हा तुमच्याकडेही असेल तर आत्ता उठून बघा, मग पुढचे प्रतिसाद वाचा.

काडेपेटी

उठून बघितला. मार्चमध्ये संपलाय. धन्यवाद, ओसरी.

स्पष्टवक्ता

रात्रपाळी, सगळं पटलं असं नाही. पण एक विचारतो. काल मामीशी बोललो. ती म्हणाली पडत नाही, पण महिन्यातून एकदोनदा बोलता बोलता मध्येच गप्प होतो, शर्टाचं बटण चाळवत बसतो, हाक मारली तरी बघत नाही. मिनिटभराने विचारतो, काय म्हणालीस? ती म्हणते वय झालं. हे यातच मोडतं का?

रात्रपाळी

न बघता नक्की सांगता येणार नाही, पण मोडू शकतं, आणि वर्णन अगदी तसं आहे. प्रत्येक फिटमध्ये माणूस पडतोच असं नाही. मामींना पुढच्या वेळी मोबाईलवर व्हिडिओ घ्यायला सांगा आणि तो मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. शब्दांत सांगण्यापेक्षा तो व्हिडिओ आम्हाला जास्त सांगतो. तोवर मामांना गाडी चालवू देऊ नका, शिडीवर चढू देऊ नका. जुन्या गोळ्या घरात पडून असतील तर त्या परस्पर सुरूही करू नका.

तीन_टाके

नमस्कार. मी भाऊ. ताईने लिंक पाठवली, "वाच आणि गप्प बस" असा निरोप होता, पण गप्प बसत नाही.

झापड येते हे खरं आहे. पण चार रात्रींपैकी दोन रात्रीच त्या कारणाने गेल्या. उरलेल्या दोन रात्री सगळे माझ्या खोलीत अभ्यासाला होते. मी गोळी नेहमी बाथरूममध्ये जाऊन घेतो, नळाच्या पाण्याबरोबर. खिशात एक फोडून ठेवलेली असते. त्या रात्री खिशात ठेवायला विसरलो होतो आणि स्ट्रिप कपाटात होती, कपाटासमोर तिघे बसलेले. उठून घेतली असती तर "कसली गोळी?" आलं असतं. दोन वर्षं कोणालाच माहीत नाही. मग वाटलं आज राहू दे. दुसऱ्या दिवशीही तेच.

चौदा खणांचा डबा मस्त आहे, पण तो मी टेबलावर ठेवू शकत नाही. तुम्ही सगळे विसरण्यावर उपाय सांगताय. मी विसरलो नव्हतो. चारही रात्री मला बरोबर नऊ वाजता आठवत होतं.

आडवाटेचा

हे मी लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, कारण आपण शहाणे झाल्यावर आपला मूर्खपणा विसरतो. मी नोकरीत पहिली चार वर्षं व्हिटॅमिनच्या डबीत कार्बामॅझेपिन ठेवायचो. एका सहकाऱ्याने "मला पण एक दे रे" म्हणून हात पुढे केला तेव्हा घाम फुटला होता. ज्या गोळ्या लपवून घ्यायच्या त्या वेळेवर घेता येत नाहीत, कारण वेळ आपल्या हातात राहत नाही, आजूबाजूला कोण आहे त्याच्या हातात जाते.

सगळ्यांना सांगू नकोस. एकाला सांग, खोलीतल्याच. ओसरी यांचा प्रतिसाद त्याला वाचायला दे. तुझं दुखणं त्याला समजावत बसायची गरज नाही, काय करायचं आणि काय नाही एवढंच पुरे.

मधुराई

तीन_टाके, तुझं वाचून माझ्या लेकीचा विचार आला. आम्हीही शाळेत फक्त वर्गशिक्षिकेला सांगितलंय, बाकी कोणाला नाही. अजून विचार करतेय.

निशिगंध

मला हे आजच कळलं. इथेच. असो.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. रात्रीची वेळ नऊऐवजी झोपायच्या जरा आधी केलीय, सकाळची त्या हिशेबाने. डोस तूर्त तोच, कारण फिट डोस कमी पडल्याने नाही, न घेतल्याने आली. रक्ततपासणीत किडनीचं सगळं ठीक. चुकली तर काय, ते एका कागदावर लिहून दिलं. डॉक्टर म्हणाले पुढचे काही महिने दुचाकी नाही, एकट्याने पोहणं नाही. त्यावर तोंड वाकडं झालंय.

तीन_टाके

खोलीतल्या एकाला काल रात्री सांगितलं. मला वाटलं होतं तो घाबरेल. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे आधी घड्याळ बघायचं की आधी व्हिडिओ?" मी म्हटलं आधी घड्याळ, मग कुशीवर, व्हिडिओ हात मोकळा असेल तर. तो म्हणाला, लिहून दे. लिहून दिलं. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय.

गोळीबार

शाब्बास. आणि एक, त्या मागच्या चार गोळ्या "भरून काढायच्या" म्हणून जादा घेऊ नकोस. येतात माझ्याकडे असे लोक.

तीन_टाके

घ्यायला माझ्याकडे आहेतच कुठे. त्या चार ताईने पर्समध्ये ठेवल्यात, मागितल्या तरी देत नाही.